गप्पावाहिन्यांचे स्थलांतर : समुदाय हलतो तेव्हा काय मागे राहते?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २ सप्टेंबर २०२० रोजी नवी दिल्लीतून काढलेल्या आदेशाद्वारे ११८ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. ‘पब्जी मोबाइल’ या लोकप्रिय खेळाचा त्यात समावेश होता. खेळाबरोबरच त्यातील मित्रांची यादी, एकत्र खेळणारे संघ आणि आपसांत बोलण्याची सोयही संपुष्टात येणार होती. खेळाडूंना पर्यायी खेळ शोधता येणार होता, परंतु विखुरलेले सोबती पुन्हा कोठे भेटतील, हा प्रश्न वेगळाच होता.

इंटरनेटवर खेळणाऱ्या समुदायांपुढे हा प्रश्न प्रथमच उभा राहिला नव्हता. गप्पांच्या वाहिन्या एका जाळ्यावरून दुसऱ्या जाळ्यावर नेण्याचा इतिहास तीन दशकांहून अधिक जुना आहे.

वाहिनी आणि जाळे

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ‘इंटरनेट रिले चॅट’, म्हणजेच आयआरसी, ही संभाषणपद्धती विकसित केली. तिच्यात अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून एक जाळे, अर्थात नेटवर्क, तयार होते. त्यापैकी कोणत्याही सर्व्हरशी जोडलेली व्यक्ती त्या जाळ्यावरील वाहिनीत, म्हणजेच चॅनलमध्ये, प्रवेश करून इतरांशी बोलू शकते.

दोन स्वतंत्र जाळ्यांमध्ये मात्र असा कोणताही संबंध नसतो. शिवाजी चौक अनेक शहरांत असतो, परंतु एका शहरातील चौकात उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्या शहरातील चौकातले बोलणे ऐकू येत नाही. त्याचप्रमाणे एकाच नावाच्या वाहिन्या दोन जाळ्यांवर असल्या, तरी त्या पूर्णतः भिन्न असतात.

ही पद्धती मजकुरावर आधारित असल्याने मंद जोडणीवरही चालत असे. तिच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनुसार एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटचा असतो. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने मराठी संदेशात सुमारे दीडशे चिन्हेच मावतात. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी दिल्ली आणि मुंबईसह देशातील प्रमुख महानगरांत इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीवरून होणाऱ्या जोडणीला असे हलके संभाषणच झेपणारे होते.

खेळाडूंनी उभारलेली जाळी

प्रारंभीच्या काळात वाहिनीवर कोणाचीही मालकी नसे. शेवटची व्यक्ती बाहेर पडली की नाव मोकळे होई आणि ते कोणीही घेऊ शकत असे. ईएफनेट या जुन्या जाळ्यावरील ‘स्टार ट्रेक’ वाहिनीच्या सदस्यांनी जुलै १९९४ मध्ये बाहेर पडून डालनेट हे स्वतःचे जाळे स्थापन केले. टोपणनाव आणि वाहिनी यांची परवलीच्या शब्दासह नोंदणी करण्याची सोय डालनेटने रूढ केली. त्यामुळे नाव बळकावले जाण्याची भीती कमी झाली. त्याच वेळी वाहिनी कोणाची, हे ठरविणारी नोंदवही जाळ्याच्या चालकांच्या हाती गेली. पुढील अनेक वादांचे मूळ या बदलात आहे.

‘क्वेक’ हा संगणकीय खेळ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या खेळाडूंसाठी १९९७ मध्ये क्वेकनेट हे जाळे सुरू झाले. सामना ठरविणे, प्रतिस्पर्धी शोधणे, ऐन वेळी एखादा खेळाडू मिळविणे अशी सर्व कामे तेथे होत. ८ फेब्रुवारी २००५ रोजी क्वेकनेटवर एकाच वेळी २,४३,३९४ जण उपस्थित होते. भारतात भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झाली होती.

पुढे २०१५ मध्ये डिस्कॉर्ड ही सेवा आली. ध्वनी, चित्रे आणि जुन्या संदेशांचा साठा या सोयी एकत्र मिळू लागल्याने खेळाडू मोठ्या संख्येने तिकडे वळले. आयआरसीचा सर्व्हर सहसा जुने संभाषण साठवत नाही. ते सदस्य आपापल्या संगणकावर जतन करतात. डिस्कॉर्डवर मात्र संभाषणाचा साठाही कंपनीच्याच यंत्रणेत राहतो.

मे २०२१ मधील घडामोडी

स्थलांतराचे अलीकडील सर्वात मोठे उदाहरण फ्रीनोड या जाळ्याचे आहे. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी चालणाऱ्या या जाळ्यास २००२ मध्ये हे नाव मिळाले. विकिमीडिया, उबुंटू यांसारख्या प्रकल्पांबरोबरच ‘नेटहॅक’ आणि ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या मुक्त खेळांच्या समुदायांच्या वाहिन्याही तेथे होत्या.

फ्रीनोडची नाममात्र मालकी असलेली कंपनी २०१७ मध्ये उद्योजक अँड्र्यू ली यांच्याकडे गेली होती. जाळ्याचे दैनंदिन काम मात्र स्वयंसेवक पाहत. नियंत्रण नेमके कोणाचे, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले. जाळे बळकावण्यात आल्याचा त्यांचा आरोप होता, तर ली यांनी तो नाकारला. त्याच दिवशी या स्वयंसेवकांनी लिबेरा चॅट हे नवे जाळे सुरू केले. ते स्वीडनमध्ये नोंदलेल्या ना-नफा संस्थेमार्फत चालविले जाते.

आयआरसीमध्ये एका वाहिनीत येणाऱ्यास दुसऱ्या वाहिनीकडे आपोआप वळविता येते, परंतु ही सोय एकाच जाळ्यापुरती मर्यादित असते. त्यामुळे अनेक समुदायांनी जुन्या वाहिनीच्या सूचनाफलकावर लिबेराचा नवा पत्ता लिहिला. मे महिन्याच्या अखेरीस फ्रीनोडच्या नव्या चालकांनी असा उल्लेख असलेल्या सुमारे ७०० वाहिन्यांचा ताबा घेतला. जून २०२१ मध्ये फ्रीनोडने आपली यंत्रणा बदलली, त्या वेळी टोपणनावे आणि वाहिन्यांच्या जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या. वर्षानुवर्षे जपलेली नावे त्या नोंदवहीसोबत गेली.

नेटहॅक आणि वेस्नॉथ यांच्या वाहिन्या लिबेरावर गेल्या. नेटहॅकच्या वाहिनीत ‘रॉडनी’ नावाचा बॉट, म्हणजे स्वयंचलित कार्यक्रम, सार्वजनिक सर्व्हरवर कोणाचा खेळ कसा संपला याची वार्ता देत असतो. अशा समुदायाला माणसांबरोबर आपले बॉटही हलवावे लागतात.

याउलट मोझिलाने आपले आयआरसी जाळे बंद करण्याचा निर्णय एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केला आणि मेट्रिक्स या पर्यायाची निवड करून मार्च २०२० मध्ये जुने जाळे बंद केले. सुमारे अकरा महिन्यांचा अवधी मिळाल्याने सदस्यांना नव्या जागेची माहिती देणे शक्य झाले.

दिल्लीतील आदेशांचा परिणाम

भारतात स्थलांतराचे आणखी एक कारण संभवते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९-अ अन्वये केंद्र सरकारला देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व आदी कारणांसाठी इंटरनेटवरील सेवा रोखण्याचे अधिकार आहेत. यासंबंधीच्या २००९ च्या नियमांनुसार तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवली जाते. साहजिकच सामान्य वापरकर्त्यास त्याची पूर्वकल्पना नसते.

‘पब्जी मोबाइल’च्या बाबतीत बंदीचा आदेश आणि भारतीय खेळाडूंसाठी सेवा पूर्णतः थांबविण्याची ३० ऑक्टोबर २०२० ही तारीख, यांमध्ये सुमारे आठ आठवडे मिळाले. क्राफ्टन कंपनीचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा भारतासाठीचा खेळ २ जुलै २०२१ रोजी आला, म्हणजे मध्ये आठ महिने गेले. हा खेळही जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून हटविण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्या संघांचे संभाषण केवळ खेळाच्या आतच चालत असे, त्यांच्या दृष्टीने ही प्रत्येक तारीख संपर्क तुटण्याची होती.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संदेशवाहक अ‍ॅप रोखल्याचे वृत्त आले. जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी त्यांचा वापर करीत असल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. त्यात ‘एलिमेंट’चाही समावेश होता. मेट्रिक्स ही खुली पद्धती असून एलिमेंट हे तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या अनेक अ‍ॅपपैकी एक आहे. एका अ‍ॅपवर विसंबलेला समुदाय आणि खुल्या पद्धतीवर विसंबलेला समुदाय यांतील फरक या घटनेने दाखवून दिला.

स्थलांतराची पद्धत

या अनुभवांतून काही बाबी स्पष्ट होतात. नव्या जाळ्यावर वाहिनीचे नाव सर्वप्रथम नोंदविणे आवश्यक असते. विलंब झाल्यास ते अन्य कोणी घेऊ शकते. नोंदणी एकाच व्यक्तीच्या नावे न ठेवता किमान दोन-तीन विश्वासू सदस्यांना वाहिनी चालविण्याचे अधिकार दिले जातात. एखादा चालक दीर्घकाळ अनुपस्थित राहिला, तरी त्यामुळे वाहिनी अडून पडत नाही.

जुनी आणि नवी वाहिनी काही काळ सेतूद्वारे जोडता येते. एकीकडील संदेश बॉट दुसरीकडे पोहोचवितो. परंतु सेतूही कायमचा नसतो. लिबेरा आणि मेट्रिक्स यांना जोडणारा मुख्य सार्वजनिक सेतू २०२३ मध्ये बंद झाला. जुने संभाषण नव्या जागी उघड करण्यापूर्वी सदस्यांची संमती घेणेही गरजेचे असते, कारण मोजक्या लोकांत झालेले बोलणे सर्वांना दिसणे अनेकांना रुचत नाही. अल्पवयीन खेळाडू असलेल्या वाहिन्यांत ही दक्षता अधिकच महत्त्वाची ठरते.

सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे कोणत्याही एका जाळ्यावर अवलंबून नसलेला पत्ता. समुदायाचे स्वतःचे संकेतस्थळ, सदस्यांच्या ई-मेलची यादी किंवा चालकांचे परस्परांकडे असलेले दूरध्वनी क्रमांक यांपैकी एक तरी साधन हाताशी असल्यास, जुना फलक पुसला गेला तरी नवी जागा सर्वांना कळविता येते.

वाहिनीचे नाव, नोंदणी आणि साठविलेले संदेश जाळ्याच्या चालकांकडे असतात. एकमेकांची ओळख मात्र सदस्यांकडे असते आणि हलविता येते ती तीच. फ्रीनोडच्या समुदायांना जुन्या फलकावर अवघे काही दिवस विसंबता आले, ‘पब्जी’च्या भारतीय खेळाडूंना आठ आठवडे मिळाले, तर मोझिलाच्या सदस्यांना अकरा महिने. किती अवधी मिळेल हे समुदायाच्या हाती नसल्याने पुढील भेटीचे ठिकाण आधीच ठरवून ठेवणे हिताचे ठरते.