पत कुणाच्या हातात?

बाजारात मालाच्या आधी विकली जाते ती पत. आपल्या पेठांमधून ही पत तोंडातोंडी चालत आली. बेळगावात एखाद्या दुकानदाराने कापड मापात कमी दिलं, तर ते चार घरांत कळायला वेळ लागत नसे. आणि कुठलं गिऱ्हाईक उधारी बुडवतं, हे दुकानदारांनाही ठाऊक असे. दोन्ही बाजूंना एकमेकांचा धाक होता. पण जिथं घेणाऱ्याने विकणाऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही, तिथं पत कशी ठरवायची? आज आपल्यातल्या कितीतरी जणी घरबसल्या साड्या, दागिने, पापड-लोणची विकतात आणि त्यांची उमेद लोकांनी दिलेल्या चांदण्यांवर टिकून असते. म्हणून या चांदण्यांचा इतिहास मला आपला वाटतो.

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पिअर ओमिड्यार या तरुणाने ‘ऑक्शनवेब’ नावाची लिलावाची साइट सुरू केली. तिचंच पुढे ‘ईबे’ झालं. अनोळखी माणसं एकमेकांना पैसे आणि पार्सलं पाठवू लागली, तशा तक्रारीही आल्या. प्रत्येक भांडण आपण कुठवर सोडवणार? फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने लोकांनाच सांगितलं, एकमेकांबद्दल उघडपणे लिहा. चांगल्या शेऱ्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. बेरीज नावापुढे दिसे. घेणारा विकणाऱ्याला तोलणार, विकणारा घेणाऱ्याला. वरवर बघता याहून न्यायाचं काय असणार?

पण आकडे बघा. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी ईबेवरचे १९९९ सालचे व्यवहार तपासले. निम्म्याच्या आसपास खरेदीदारांनी शेरा लिहिला होता आणि त्या शेऱ्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त चांगले होते. वाईट शेरे एक टक्कासुद्धा नव्हते. सगळं जग एवढं सज्जन झालं होतं का? काही अंशी व्यवहार खरंच नीट होत असतील. पण दुसरं कारण भीतीचं होतं. मी तुला वाईट म्हटलं, तर तू मला वाईट म्हणशील. कित्येक विक्रेते आधी गिऱ्हाइकाचा शेरा येऊ देत आणि मगच आपला लिहीत. पैसे वेळेवर भरलेल्या गिऱ्हाइकाने खरं लिहिलं, की त्याच्या नावापुढे उणे एक लागायचा. दोघांची पत एकमेकांकडे गहाण पडलेली, मग खरं कोण बोलणार?

ही पत नुसती शोभेची नव्हती. रेस्निक यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे एक प्रयोग केला. एकाच जुन्या विक्रेत्याने सारख्याच प्रतीची जुनी चित्रकार्डं काही आपल्या नावाजलेल्या नावाने, तर काही नव्या, अनोळखी नावांनी विकली. जुन्या नावाला खरेदीदार सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते.

मे २००८ मध्ये ईबेने नियम बदलला. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला फक्त चांगलाच शेरा द्यायचा, नाहीतर गप्प राहायचं. गिऱ्हाइकाची भीती गेली, पण ती विक्रेत्याच्या वाट्याला आली. नियमाची घोषणा झाल्यावर फेब्रुवारीतच अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडता निषेध केला होता. फुकट काहीतरी जादा द्या, नाहीतर वाईट लिहीन, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर काय द्यायचं, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो.

यात मधला मार्ग होता. घरं भाड्याने देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ने २०१४ मध्ये तो धरला. दोघांनीही आपापलं मत लिहायचं, पण दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवस उलटेपर्यंत कुणाचंच उघड करायचं नाही. म्हणजे बंद पाकिटातली साक्ष. भीतीही कमी आणि तोंडही कुणाचं बांधलेलं नाही.

तरीही एक गाठ सुटत नाही, आणि ती आपली आहे. तामार क्रिचेली-कात्झ आणि ताली रेगेव या दोन संशोधक स्त्रियांनी अमेरिकेतले ईबेवरचे लिलाव तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. तीच नवी कोरी वस्तू, विक्रेत्यांची पतही तुल्यबळ. पण पुरुषाला एक डॉलर मिळतो तिथं बाईला सरासरी ८० सेंट. वापरलेल्या वस्तूत ९७. बोली लावणारेही तिच्याकडे कमी. साइट कुणाला बाई की पुरुष हे सांगत नव्हती, लोक मांडणीवरून ताडत होते. म्हणजे शेरा लिहायच्या आधीच मनात एक शेरा लिहिलेला असतो. तो कुठल्या बेरजेत दिसायचा?

आपल्याकडे श्रावकाच्या सत्य-अणुव्रताचे अतिचार सांगताना ‘कूटलेखक्रिया’ मोजली आहे, खोटं लिहिणं. भीतीपोटी दिलेल्या पाच चांदण्या आणि रागाच्या भरात दिलेली एक, दोन्ही मला त्यातच बसतात. एखाद्या घरगुती विक्रेतीबद्दल लिहिण्याआधी तिला एक फोन करावा, तिची बाजू ऐकावी, आणि मग जे घडलं तेवढंच लिहावं. तिची एक चांदणी गेली, तर महिन्याचा किराणा जातो.