फ्रँक बेंडर : कवटीला चेहरा देणारा शिल्पकार

फ्रँक बेंडर (१९४१–२०११) हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शिल्पकार व न्यायसहायक कलावंत. बेवारस मृतदेहांचे चेहरे कवटीवरून घडविणे आणि फरारी गुन्हेगारांची वाढत्या वयातील रूपे साकारणे, या कामांसाठी ते ओळखले जातात.

व्यावसायिक छायाचित्रण हा त्यांचा चरितार्थाचा उद्योग होता. पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्स या संस्थेच्या सायंवर्गांत ते शिक्षण घेत. शरीररचनेच्या अभ्यासासाठी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते शहरातील शवागारात गेले. तेथे गोळी लागून चेहरा विद्रूप झालेल्या एका अनोळखी स्त्रीचा मृतदेह होता. ती कशी दिसत असेल हे आपल्याला कळते, असे त्यांनी सांगितले. त्यांनी केलेल्या मुखशिल्पावरून पुढे तिची ओळख पटली आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

या पद्धतीचा पाया मोजमापांचा आहे. चेहऱ्यावरील ठरावीक बिंदूंपाशी त्वचा व स्नायूंची सरासरी जाडी किती असते, याची कोष्टके उपलब्ध आहेत. त्या जाडीच्या खुंट्या कवटीवर बसवून त्यांच्या आधारे माती चढविली जाते. स्विस शरीरशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म हिस यांनी १८९५ मध्ये संगीतकार बाख यांचा चेहरा अशाच मापांच्या साहाय्याने एका शिल्पकाराकडून घडवून घेतला होता. मात्र ओठांची ठेवण, केस आणि मुद्रेवरील भाव हाडांवरून पुरते कळत नाहीत. तेथे कलावंताची नजर कामी येते.

बेंडर यांची कसोटी जॉन लिस्ट प्रकरणात लागली. न्यू जर्सीतील वेस्टफील्ड येथे १९७१ मध्ये आई, पत्नी व तीन मुलांची हत्या करून हा लेखापाल परागंदा झाला होता. हाताशी होती ती केवळ जुनी छायाचित्रे. बेंडर यांनी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉल्टर यांच्याशी विचारविनिमय करून मागे सरकलेले केस, सैल पडलेले गाल आणि जाड काड्यांचा चष्मा असलेला अर्धपुतळा घडविला. २१ मे १९८९ रोजी तो दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. एका जुन्या शेजाऱ्याने तो चेहरा ओळखला आणि १ जून रोजी, खोट्या नावाने व्हर्जिनियात राहणाऱ्या लिस्टला अटक झाली. तेव्हा गुन्ह्याला जवळजवळ अठरा वर्षे झाली होती.

१९९० मध्ये बेंडर, वॉल्टर व विल्यम फ्लायशर यांनी न उलगडलेल्या हत्यांच्या तपासाला साहाय्य करणारी ‘विडोक सोसायटी’ स्थापन केली.

असे शिल्प ओळखीचा पुरावा मानले जात नाही. ते पाहून कोणा आप्ताला वा शेजाऱ्याला ओळख पटावी, एवढाच त्याचा हेतू असतो. खात्री त्यानंतर दंतनोंदी, बोटांचे ठसे किंवा डीएनए चाचणी यांनी केली जाते. तथापि ताडून पाहण्यासाठी आधी एखादे नाव पुढे यावे लागते, आणि बेंडर यांच्या कामाचे मोल तेथेच आहे.