ढाका, १९७२ : युद्धानंतरच्या माता

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश पाकिस्तानपासून मुक्त झाला. युद्धकाळात बलात्कार झालेल्या स्त्रियांचा सरकारी आकडा दोन लाखांचा. त्यांतल्या कितीतरी जणींना दिवस गेले होते. शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारने त्यांना ‘वीरांगना’ म्हणून गौरवलं. गौरव झाला, पण घराची दारं बहुतेकींना बंदच राहिली.

गर्भपात इंग्रजांच्या काळातल्या १८६० च्या दंडसंहितेनुसार गुन्हा होता. याच संहितेच्या जाचातून वाट काढायला भारतात महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने काही वर्षं घालवली होती. ढाक्यात तेवढा वेळ नव्हता. सरकारने या स्त्रियांपुरती मोकळीक दिली, पुनर्वसन मंडळ नेमलं, धानमंडीत दवाखाना उघडला. ऑस्ट्रेलियाहून डॉ. जेफ्री डेव्हिस गर्भपात करायला आले. पण अनेकींचे दिवस इतके भरत आले होते की गर्भपातात जिवाला धोका होता.

ज्यांनी बाळं जन्माला घातली, त्यांच्यासाठी परदेशी दत्तकाचा कायदा झाला. जुलै १९७२ मध्ये पंधरा बाळं कॅनडाला पोचली. पण बाळ द्यायचं की ठेवायचं, हे त्या आईला कितीदा विचारलं गेलं? मदतीच्या घाईत हा प्रश्न मागे पडला, आणि तो अन्यायच होता.

ढाका विद्यापीठातल्या बंगालीच्या प्राध्यापिका नीलिमा इब्राहिम मात्र या बायकांचं ऐकत राहिल्या. पाकिस्तानी युद्धकैद्यांबरोबर निघालेल्या काहीजणींना त्यांनी थांबवू पाहिलं. इथे आपल्याला कोणी जगू देणार नाही, याची त्या बायकांना खात्री होती. पुढे इब्राहिमबाईंनी त्यांच्या कहाण्यांचं पुस्तक केलं.

स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारी राजपत्रात पहिल्या काही वीरांगनांच्या नावांची नोंद व्हायला २०१५ साल उजाडलं.