प्रक्रिया उद्योगासाठी सुरुवातीचे भांडवल: अनुदान केव्हा जमेस येते?

पुरंदरच्या अंजिराचा गर असो वा जुन्नरच्या टोमॅटोचा सॉस, उद्योग सुरू करण्यापूर्वी पैशांचे गणित मांडा.

पीएमएफएमई: २०२० पासूनच्या या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. स्वहिस्सा किमान १० टक्के. जमिनीची किंमत खर्चात धरत नाहीत.

उदाहरण: प्रकल्प १० लाखांचा असल्यास स्वहिस्सा १ लाख, कर्ज ९ लाख, अनुदान साडेतीन लाख.

लक्षात ठेवा: अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहते. तीन वर्षांनंतर कर्ज नियमित असेल तरच कर्जात वळते होते. त्यामुळे हप्ते अनुदानाच्या भरवशावर ठरवू नका. कच्चा माल, वीज व मजुरीसाठी खेळत्या भांडवलाची तरतूद आधीच करा.

गोदाम, प्रतवारी, प्राथमिक प्रक्रिया: कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, कमाल सात वर्षे.

अर्ज व प्रकल्प अहवालासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत घ्या. त्यांचे मानधन शासन देते. तुम्ही पैसे देऊ नका. योजनेची सद्यस्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.