सामायिक छायाचित्रसंग्रह आणि संदर्भरक्षणाचा प्रश्न

अनेकांच्या उपयोगाची छायाचित्रे एका कार्यालयात एकत्र ठेवणे ही केवळ साठवणुकीची बाब होय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः चित्रांचे साधनमूल्य त्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. अमेरिकेतील फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनचा संग्रह या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, या खात्याच्या पूर्वरूपात रॉय स्ट्रायकर यांच्याकडे छायाचित्र-विभाग सोपविण्यात आला. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स प्रभृती छायाचित्रकारांनी ग्रामीण जीवनाची चित्रे टिपली. ती वॉशिंग्टन येथील कार्यालयात जमा होऊन वृत्तपत्रांना पुरविली जात. मात्र निवडीचा अधिकार स्ट्रायकर यांच्या हाती होता. आरंभीच्या काही वर्षांत नापसंत निगेटिव्हांना भोक पाडून ती बाद केली जात. संग्रहाबरोबर सत्ताही केंद्रित होते, ती अशी.

१९४२ पासून पॉल व्हँडरबिल्ट यांच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहिली. चित्रे कामगिरीवार ठेवली तर विषय सापडत नाही. विषयवार ठेवली तर एका कामगिरीतील चित्रांची फाटाफूट होते. लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेल्या स्थलांतरित मातेच्या चित्रांचेच पाहा. सुप्रसिद्ध चित्रात मातेचा चिंताग्रस्त चेहराच नजरेत भरतो. तिचा फाटका तंबू दिसतो तो सोबतच्या चित्रांत. ती विलग झाली, तर पुराव्याचा अर्थच आकुंचित होतो.

व्हँडरबिल्ट यांनी दोन्ही क्रम राखले. चित्रांचे कामगिरीवार गट मायक्रोफिल्मवर उतरवून मग मूळ प्रती प्रदेशवार व विषयवार लावण्यात आल्या. १९४४ मध्ये हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. त्यात सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. त्यांचे संगणकीकरण झाल्यावर भोक पाडलेली, शीर्षकहीन चित्रेही पाहावयास मिळू लागली. शेजारच्या क्रमांकांवरून त्यांचे स्थळ व प्रसंग पुष्कळदा अनुमानिता येतात. म्हणजे बाद ठरविलेल्या चित्रांना अर्थ परत मिळाला, तो क्रम टिकल्यामुळे.

आज कार्यालयांचे छायाचित्रसंग्रह मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवले जातात. तेथे विषयवार शोध क्षणात साधतो. परंतु फाइलींची नावे बदलताना किंवा नकोशा प्रती काढून टाकताना मूळ क्रम सहज नष्ट होतो. सबब मूळ क्रमांक, दिनांक व छायाचित्रकाराची टीप अबाधित राखून विषयवार मांडणी तिच्या जोडीला करणे, हाच इतिहासदृष्ट्या ग्राह्य मार्ग होय.