वाम की अहिर?

पैठणच्या बाजारात टोपलीत सापासारखा लांब मासा दिसला की आपण सरसकट त्याला वाम म्हणतो. आम्हीही म्हणायचो. पण गोदावरीतले हे मासे दोन वेगळे आहेत.

वामीचं तोंड निमुळतं, पुढे सोंडेसारखं मांसल टोक. शेपटीकडून डोक्याकडे पाठीवर जपून बोट फिरवा, बारीक काट्यांची रांग टोचते. अहिराच्या पाठीला काटे नाहीत. खालचा जबडा जरा पुढे आणि अंग इतकं बुळबुळीत की राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही. दिवसा तो कपारीत दडतो, म्हणून त्याला रात्री गळ लावायचा, गांडूळ नाहीतर लहान मासळी अडकवून.

खरी खूण मात्र पोटात. पावसाळ्याच्या तोंडी वामीत गाभोळी सापडते, अहिरात भरलेली गाभोळी मिळत नाही. याच कोड्यानं युरोपला दोन हजार वर्षं छळलं. ॲरिस्टॉटल म्हणाला, हा मासा चिखलातून उपजतो. 1876 मध्ये तरुण फ्रॉइडनं, हो, तोच मनाचा डॉक्टर, चारशेच्या आसपास मासे चिरले, तरी नराचा पत्ता नीट लागला नाही. शेवटी योहानेस श्मिट या डॅनिश संशोधकानं वर्षानुवर्षं अटलांटिक चाळला आणि 1922च्या सुमारास सांगितलं की युरोपचा अहिर भर समुद्रात जन्मतो.

आपल्या अहिराचंही तसंच. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या अहिराला एल्फिन्स्टनसाहेबाचं नाव दिलं. पुढे कळलं, तो बंगालच्या नावानं आधीच नोंदलेला होता! त्याची पिल्लं समुद्रातून आंध्रच्या मुखाशी येतात आणि नदी चढतात. अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठावा लागतो.

त्या वाटेवर 1852 मध्ये धवळेश्वरमचा बंधारा झाला, पुढे पोचमपाड, नांदेडला विष्णुपुरी आणि पैठणला जायकवाडी. तिची कोनशिला 1965ची, लोकार्पण 1976चं, भिंत सुमारे दहा किलोमीटर. वामीचं भिंतीमुळे फारसं अडलं नाही, ती नाथसागरातच वाढते. अहिराची वाट मात्र बंद झाली.

धरणाला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही, आपल्या शहराच्या नळाला पाणी तिथूनच येतं. एवढंच सांगतो, टोपलीत बिनकाट्याचा मासा आला तर चिरण्याआधी फोटो काढा, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडला ते लिहा आणि आम्हाला कळवा.