काळ्यावर काळं

हर्सूलच्या माणसाला परगावी एक प्रश्न ठरलेला असतो. "गाव कुठलं?" "हर्सूल." की लगेच, "अरे वा! कधी सुटलात?" आता आमच्याकडे जेल आहे तसा तलावही आहे, हरसिद्धी देवीचं देऊळही आहे. पण जगाच्या लेखी आम्ही सगळे जामिनावरचे! त्यामुळे अंधाराची आपल्याला सवय आहे, असा माझा समज होता. तो मोडला भाच्यानं. मुंबईला गेलो असताना त्यानं मला एका चित्रप्रदर्शनाला नेलं.

चित्र म्हणजे वाण्याच्या कॅलेंडरावरची लक्ष्मी, एवढंच आमचं शिक्षण. तिथं एका भिंतीवर चौकट होती आणि चौकटीत नुसतं काळं.

"चित्र अजून लावायचंय वाटतं?"

"मामा, हेच चित्र. सूझांचं."

आमच्या शाळेचा फळा याहून बोलका होता. त्यावर निदान सुविचार तरी असायचा. मी म्हटलं, "काढून ठेवायला सांग रे कुणाला तरी."

भाचा हसला आणि त्यानं इतिहासच काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्यातल्या साळगावचे, जन्म १९२४ चा. आईला वाटे, मुलानं पाद्री व्हावं. मुलाला १९४५ साली जे. जे. स्कूलमधून काढून टाकलं. मग १९४७ साली रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांना घेऊन त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. १९४९ साली ते लंडनला गेले आणि तिथं १९६६ साली त्यांनी अशा काळ्यावर काळ्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं.

"आणि लोकांनी ते चालू दिलं?"

"तिकडे दिलं. इकडे १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींनी एका जोडप्याचं चित्र लावलं होतं. पोलीस आले, म्हणाले, अश्लील आहे, उतरवा. पदमसींनी नकार दिला. त्यांना अटक झाली, खटला चालला. शेवटी निर्दोष सुटले."

'सुटले' म्हटल्यावर आम्हां हर्सूलकरांना आपलेपणा वाटतोच! पण लगेच मनात चरकलो. पोलिसांना चित्रात भलतंच दिसलं म्हणून ते चिडले. मला काहीच दिसेना म्हणून मी चिडलो. म्हणणं मात्र दोघांचं एकच : "उतरवा ते!" फरक एवढाच, की माझ्या अंगावर वर्दी नव्हती.

"मामा, समोरून हटा. जरा डावीकडे सरका."

सरकलो. रंगाच्या जाड थरांवर खिडकीतला उजेड तिरपा पडला आणि काळ्यातून एक डोळा उघडला. मग नाक, मग आख्खा चेहरा. तो मला केव्हापासून बघत होता कोण जाणे!

मला एकदम अजिंठा आठवला. तिकडे जाणारा रस्ता आमच्या हर्सुलातूनच जातो. लहानपणी तिथल्या लेण्यात शिरलो तेव्हा आधी काहीच दिसलं नव्हतं. मग बाहेर उभ्या असलेल्या माणसानं आरसा धरून ऊन आत फेकलं आणि भिंतीवर माणसं उभी राहिली. तिथं मी तक्रार केली नव्हती. नुसता थांबलो होतो. तेवढं थांबणं मोठेपणी कुठं गेलं?

परतताना गाडीत शेजाऱ्यानं विचारलंच, "हर्सूलचे? कधी सुटलात?"

म्हटलं, "आज दुपारीच. पण पुरता नाही."